नवा चेनसेट आठ-नऊ हजार किलोमीटरांत संपतोय? लाखाच्या वर गेलेल्या गाडीचा मागचा चिमटा हलवून बघा

दुखणं आधी सांगतो, निदान मागाहून. माझी गाडी शंभर सीसीची, चार गिअरची, 2014 साली घेतलेली. राहायला खानापुरात, कामाला बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे जाऊन-येऊन रोजचे पन्नासच्या आसपास किलोमीटर. शिवाय सुगीत भाताचं पोतं, रविवारी घरच्यांना घेऊन पाहुण्यांकडं. वर्षाला चौदा-पंधरा हजार सहज होतात. मीटर पाच आकडी. तो 99,999 वरून शून्यावर आला तेव्हा मी मच्छेजवळ होतो. गाडी कडेला लावून सगळी शून्यं ओळीनं बसलेली बघितली, फोटो काढला. इंजिन तेव्हाही सकाळी एका किकला चालू व्हायचं.

त्यानंतर पाचेक हजार किलोमीटरांत चेनसेट, म्हणजे चेन आणि तिची पुढची-मागची दातेरी चाकं (स्प्रॉकेट), बदलायला आला. त्यात नवल काही नव्हतं, आधीचे सेट पंचवीस ते अठ्ठावीस हजार चालले होते. पण नवा बसवला तो नऊ हजारांत संपला. त्याच्यानंतरचा आठ हजारांत. तिसरा बसवला आणि सहा दिवसांत, म्हणजे तीनशे किलोमीटरला, चेन परत लोंबून कव्हरला घासायला लागली. पूर्वी महिन्यातून एकदा चेन ताणली की भागायचं. आता दर रविवारी अंगणात पाना घेऊन बसायचं आलं.

ज्याला विचारावं त्याचं उत्तर वेगळं. एक मेस्त्री म्हणाले, "हल्लीचा माल तसलाच की." दुसरे म्हणाले, तू चेन लई ताणतोस. तिसऱ्यांनी चिमट्यावरच्या, म्हणजे मागचं चाक ज्यात बसतं त्या दोन दांड्यांवरच्या, दोन्ही बाजूंच्या रेघा दाखवल्या आणि चाक सरळ आहे हे सिद्ध केलं. कारखान्यातल्या एकानं तर इंजिन बोअर कर, म्हणजे सिलिंडर आतून तासून घे, म्हणून सांगितलं. चेनचा आणि बोअरचा काय संबंध, हे त्यालाही माहीत नसणार. आपल्याकडं गाडी लाखाच्या वर गेली की प्रत्येक दुखण्याला "बोअर कर" हेच औषध.

यातलं दुसरं उत्तर अगदी चूक नव्हतं, आणि एक नेहमीची चूक तर कोणी बोललंच नव्हतं, म्हणून ती दोन्ही आधी बाजूला काढायला पाहिजेत. नुसती चेन नवी टाकून जुनी स्प्रॉकेट तशीच ठेवली, तर घासलेले दात नव्या चेनला लगेच ओढून लांब करतात. तिन्ही एकदमच बदलायची, हे सगळ्यांना माहीत आहे आणि मी तेच केलं होतं. चेन जास्त ताणायचा प्रकार मात्र तपासून बघण्यासारखा. पुढचं स्प्रॉकेट, चिमटा फ्रेमला जोडणारा बोल्ट आणि मागचा आक्सल, म्हणजे चाकाचा दांडा, हे तिन्ही एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात जास्त ताठ होते. गाडीवर दोन माणसं बसली, शॉकअप दबले, की चाक त्या रेषेकडं सरकतं. स्टँडवर चेन तारेसारखी ताठ ठेवली असेल तर वजन पडल्यावर तिला जागाच उरत नाही. मग ती स्वतः लांबते आणि गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टचं बेअरिंगही खाते. पुढच्या स्प्रॉकेटच्या मागं ऑइलचा ओघळ दिसत असेल तर हीच चूक असू शकते. बहुतेक कम्युटर गाड्यांना डबल स्टँडवर, खालच्या बाजूला मधोमध, 20 ते 30 मिलिमीटर खाली-वर हालचाल लागते. नेमका आकडा आपापल्या गाडीच्या पुस्तकात बघावा. माझी 25 वर होती. म्हणजे हा आरोप माझ्यावर लागत नव्हता.

खरा धागा मिळाला तो टाकून दिलेल्या मालात. दुसरा सेट काढला तेव्हा मागचं स्प्रॉकेट भंगारात न देता पिशवीत घालून कामावर नेलं होतं. माझं काम तपासणी विभागात, त्यामुळं घासलेली वस्तू दिसली की ट्यूबलाइटखाली फिरवून बघायची सवय. दात वाकून आकड्यासारखे झालेले, ते अपेक्षितच होतं. पण प्रत्येक दाताची एकच बाजू आरशासारखी चमकत होती, दुसरी बाजू काळपट, तेलकट, जशीच्या तशी. नखानं चाचपलं तर चमकत्या बाजूला कड लागली. चेन धुऊन बघितली, तर तिच्याही आतल्या पट्ट्या एकाच बाजूनं घासून पांढऱ्या पडलेल्या. चेन पुढं-मागं ओढली जाऊन झिजते तेव्हा दाताच्या दोन्ही बाजू सारख्याच राहतात. इथं चेन कुशीवर घासत चालली होती. म्हणजे पुढचं आणि मागचं स्प्रॉकेट एका रेषेत नव्हतं.

आणि रेघा तर बरोबर होत्या! इथंच मी दोन महिने अडकलो.

चिमट्यावरच्या रेघांवर फार भरवसा ठेवू नये, हे यातून कळलं. गाडी एकदा पडली असेल, अ‍ॅडजस्टरची पट्टी वाकली असेल, तर रेघ बरोबर आणि चाक वाकडं असं होतं. त्यापेक्षा चिमट्याच्या बोल्टच्या मध्यापासून मागच्या आक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेपनं मोजावं. मी मोजलं. फरक एक मिलिमीटरसुद्धा नाही. स्टँडवर गाडी सुतात होती.

मग एका सकाळी देसूरच्या पुढं उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करताना, मागं बायको बसलेली, तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिला आणि गाडीचं मागचं बूड डावीकडं सरकल्यासारखं झालं. अ‍ॅक्सिलेटर सोडला, परत जागेवर आलं. टायर पंक्चर असेल म्हणून थांबून बघितलं, हवा ठीक. बायको म्हणाली, "हे तर महिनाभर होतंय की, मला वाटलं तुम्हीच हलवताय." महिनाभर! मागं बसणाऱ्याला विचारायचं कधी सुचलंच नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी उद्यमबागेजवळच्या एका कन्नड मेस्त्रींकडं गेलो. त्यांनी रेघाही बघितल्या नाहीत आणि चेनही. गाडी डबल स्टँडवर घेतली, एका हातानं फ्रेम धरली, दुसऱ्या हातानं चिमट्याचं मागचं टोक धरून आडवं ढकललं आणि म्हणाले, "अल्लाडतैति नोड्री." हलतंय बघा. चिमट्याचं टोक बोटभर इकडून तिकडं जात होतं, आणि तेसुद्धा अजिबात आवाज न करता.

चिमटा, म्हणजे स्विंग आर्म, फ्रेमला ज्या बोल्टवर टांगलेला असतो तिथं दोन बुश असतात. आपल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांत ते रबरी असतात: बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी, आणि मध्ये दोन्हींना चिकटवलेलं रबर. चाक खड्ड्यात वर-खाली होतं तेव्हा नळी नळीवर घासत नाही, मधलं रबर पिळतं. म्हणून त्याला ग्रीस लागत नाही, आणि म्हणूनच त्याच्याकडं कोणी बघत नाही. पण रबर वर्षांनी कडक होतं, चिरतं आणि शेवटी नळीपासून सुटतं. माझी गाडी रोज पन्नास किलोमीटर याच रबरावर उड्या मारत होती.

आता हे चेनशी कसं जोडलंय ते बघा. गाडी स्टँडवर असते तेव्हा चेनला ओढ नसते. चिमटा आपोआप मधोमध बसतो, म्हणून मोजमाप बरोबर येतं. रस्त्यावर पुढचं स्प्रॉकेट चेनच्या वरच्या बाजूनं मागचं चाक पुढं खेचतं. चेन डाव्या अंगाला आहे, त्यामुळं ही ओढ मधोमध लागत नाही, डाव्या टोकालाच लागते. बुश घट्ट असतील तर चिमटा ती सहन करतो. बुश सुटले असतील तर चिमटा पिळवटतो, चाकाचं तोंड किंचित वळतं, आणि मागचं स्प्रॉकेट पुढच्याच्या रेषेतून निघतं. जोर दिला की वाकडं, सोडला की सरळ. दर गिअरला, दर चढावाला हेच. चेन कधी तिरपी धावते, कधी सरळ, आणि दातांची एक कूस खरवडत जाते. कुठल्याही मेस्त्रीच्या दारात उभी असताना गाडी सरळच दिसणार.

हे तुमच्या गाडीत आहे की दुसरं काही, हे घरीच कळतं, तासाभराचं काम आहे. डबल स्टँड हवा आणि जोडीला एक माणूस हवा. मागचं चाक वरून आणि खालून धरून आडवं हलवा, त्याच वेळी दुसऱ्यानं चिमट्याच्या पुढच्या टोकाशी, फ्रेमच्या सांध्यावर, बोट ठेवायचं. हालचाल चिमटा आणि फ्रेमच्या मध्ये लागली तर बुश. तिथं काही नाही पण चाक चिमट्याच्या आतच डुगडुगतंय, तर चाकाचं बेअरिंग. दोन्ही ठिकाणी लागली तर दोन्ही, लाखाच्या वर तेही होतं. शंका राहिली तर चाक काढून, शॉकअप खालून सोडवून, मोकळा चिमटा हातात धरून हलवा. मग काही लपत नाही.

बेअरिंग खराब निघालं तर त्याच्या कडेला कोरलेला नंबर वाचून तसंच आणावं, आणि मधली स्पेसर नळी परत घालायला विसरू नये. ती राहिली तर आक्सल आवळताना बेअरिंग आतून दाबली जातात आणि महिन्यात परत आवाज. हे मी नाही, माझ्या भावानं केलेलं आहे.

चाकातले रबर, म्हणजे हबमध्ये स्प्रॉकेटच्या मागं बसणारे डंपर, हा तिसरा संशयित. इंजिन बंद ठेवून गाडी पहिल्या गिअरमध्ये घाला आणि चाक हातानं पुढं-मागं करा. मागचं स्प्रॉकेट हबच्या तुलनेत थोडं दबून परत येतं, ते रबराचं काम. 'खट्' असा कोरडा आवाज येऊन स्प्रॉकेट मोकळं हलत असेल तर रबर बसले. चालवताना याची खूण म्हणजे क्लच सोडल्यावर आणि गिअर टाकल्यावर बसणारा झटका. तो झटका सरळ चेनच्या पिनांवर जातो. माझे रबर काढले तेव्हा त्यांचे कोपरे उडालेले आणि हबच्या खणात काळा चुरा साचलेला. ते स्वस्त आहेत, चाक काढलंच आहे तर बदलून मोकळं व्हावं.

पुढच्या स्प्रॉकेटचं झाकण तर कोणीच उघडत नाही. उघडा, आतला चिखल खरवडा, स्प्रॉकेट दोन बोटांत धरून हलवा. शाफ्टच्या खाचांवर थोडी हालचाल असते, पण ते मोकळेपणानं डोलत असेल तर खाचा झिजल्यात. नुसतं स्प्रॉकेट झिजलं असेल तर बरं. शाफ्टच झिजला असेल तर इंजिन उघडायचं काम, आणि ते लांबणीवर टाकायचं की नाही हा ज्याचा-त्याचा खिसा.

चेन एके ठिकाणी ताठ आणि एके ठिकाणी ढिली असा प्रकार असेल तर एक गंमत करून बघा. एका लिंकला खडूनं किंवा नेलपॉलिशनं खूण करा, मागच्या एका दातालाही करा, आणि चाक हळूहळू फिरवा. माझ्या मागच्या स्प्रॉकेटला 42 दात आणि चेनला शंभराच्या वर लिंक, म्हणजे चेनची एक फेरी व्हायला चाक जवळपास अडीच वेळा फिरतं. ताठ जागा चाकाच्या प्रत्येक फेरीला येत असेल तर स्प्रॉकेट किंवा हब वेडंवाकडं. अडीच फेऱ्यांनी येत असेल तर चेनच असमान लांबलेली, आणि ती ताणून काही उपयोग नाही.

चेन संपली की नाही हेही अंदाजानं ठरवायला नको. लिंकवर 428 कोरलेलं असेल तर दोन पिनांमधलं अंतर 12.7 मिलिमीटर. चेन ओढून ताठ धरा आणि एका पिनेच्या मध्यापासून वीस लिंक मोजा. नव्या चेनीत 254 मिलिमीटर भरतात. 259 च्या पुढं गेलं, म्हणजे दोन टक्के लांबली, की ती चेन गेली. घरातली पोलादी फूटपट्टी पुरते. माझी आठ हजारांतली चेन 260 होती. माल हलका असता तर दातांच्या दोन्ही कुशी सारख्या घासल्या असत्या, म्हणून दुकानदाराशी भांडायला गेलो नाही.

आता दुरुस्ती. बुशची जोडी, चाकातले रबर आणि मजुरी मिळून चेनसेटच्या निम्म्याहून कमी पैसे गेले. पैशापेक्षा बोल्टनं दमवलं. आठ पावसाळे खाल्लेला चिमट्याचा बोल्ट आतल्या नळीला गंजून एकजीव झाला होता. दोन संध्याकाळ डिझेल सोडून ठेवलं, तिसऱ्या दिवशी तापवून, नट उलटा लावून हातोड्यानं काढला. नट लावल्याशिवाय ठोकू नका, आटे बसतात. जुने बुश ठोकून काढले तरी चालतात, पण नवे ठोकून बसवू नका. बाहेरची नळी तिरपी झाली की रबर पहिल्याच दिवशी फाटतं. उद्यमबागेत हायड्रोलिक प्रेस असलेल्या वर्कशॉपची काय कमी! चहाच्या मधल्या सुट्टीत दोन मिनिटांत बसले. गावाकडं असाल तर मोठा बेंच व्हाइस आणि योग्य मापाची सॉकेट घेऊन हळूहळू दाबता येतात.

गाडी परत सरळ झाली. दोन हजार किलोमीटरमध्ये चेनला हात लावावा लागला नाही. मी सगळ्यांना सांगत सुटलो. आणि सहा हजारांवर मागचं बूड परत डावीकडं सरकायला लागलं.

या वेळी चूक माझीच. बोल्टचा नट मी गाडी डबल स्टँडवर, चाक हवेत लोंबकळत असताना पूर्ण आवळला होता. रबरी बुशची आतली नळी नट आवळला की फ्रेमशी जखडते. चाक खाली लोंबत असताना जखडली, म्हणजे तीच रबराची आरामाची जागा झाली. मग गाडी खाली उतरून माणूस बसला की रबर आधीच अर्धं पिळलेलं, वर खड्डा आला की उरलेलं. फाटणारच. नट आधी हातानं टेकवायचा, गाडी दोन चाकांवर उतरवायची, एकाला सीटवर बसवायचं, आणि तसंच धरून शेवटचा आवळ द्यायचा. दुसऱ्यांदा बुश घातले ते असे, नव्या चेनसेटसकट. बोल्टला ग्रीस चोपडून घातलं, पण फक्त बोल्टला. रबराला ग्रीस लागलं तर ते फुगून सुटतं.

चेनची निगा राखायची तर आपल्या भागाची अडचण वेगळी आहे. खानापूर-जांबोटीकडचा तांबडा चिखल पावसात चेनकव्हरच्या आत जाऊन बसतो, सुकतो आणि तेलात मिसळून लाल मलम तयार होतं. ते बघायला छान गुळगुळीत वाटतं, काम मात्र पॉलिश पेपरचं करतं. वरून जळकं ऑइल ओतायची आपल्याकडं रीत आहे. फुकट मिळतं हे खरं, पण त्यात इंजिनाचाच कीस आणि काजळी असते, आणि ते दोन दिवसांत उडून टायरवर जातं. मी पावसाळ्यात पंधरा दिवसांनी कव्हर काढून चेन रॉकेल-डिझेलनं पुसतो आणि नव्वद नंबरचं गिअर ऑइल ब्रशनं आतल्या बाजूनं लावतो, रात्री, म्हणजे सकाळपर्यंत मुरतं. कव्हरच्या खालचं रबरी बूच काढून नुसती चेन हलवून बघणं म्हणजे तपासणी नव्हे. त्या भोकातून दात दिसत नाहीत. कव्हर परत लावण्याआधी चेनलॉकची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला आहे ना, तेवढं बघा. वॉटर सर्व्हिसिंगवाल्याला मात्र चाकाच्या मध्यावर फवारा धरू देत नाही. तो रागावतो, चालतंय.

मीटर आता 49 हजार दाखवतो, म्हणजे खरे 1,49,000. सध्याचा सेट एकोणीस हजार चालला आहे, वीस लिंक परवा मोजले तर 256 भरले. दर महिन्याला एकदा चेन ताणतो, पूर्वीसारखी. ताणायला बसलो की आधी चिमट्याचं टोक धरून आडवं ढकलून बघतो, आणि बायकोला विचारतो.